आठव्या महिन्यातल्या आमच्या जाऊबाईंसाठी धावलेल्यांना

पाय सुजलेत, डोकं ठणकतंय, हे आम्ही घरात सगळ्यांनी उन्हावर घातलं होतं. गावच्या आशा स्वयंसेविका ताईंनी नाही घातलं. नऊ तारखेच्या गरोदर मातांच्या तपासणीला त्यांनी जाऊबाईंना हाताला धरून नेलं. रक्तदाब १६०/११०, लघवीत प्रथिनं. सिस्टरांनी कार्डावर धोक्याची लाल खूण केली, मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस दोन्ही कुल्ल्यांवर तिथेच दिला आणि मगच रत्नागिरीला पाठवलं. झटके येऊ नयेत म्हणून हे औषध वाटेला लागण्याआधीच द्यायचं असतं, हे नंतर डॉक्टरांनी समजावलं. आई आणि बाळ दोघंही हाताला लागली ती त्या इंजेक्शनामुळे, असं मी मनापासून मानते.

दीर तेव्हा मासेमारीला समुद्रात होते. १०८ मध्ये सिस्टर स्वतः बसल्या, सगळ्या वळणांवर जाऊबाईंना कुशीवर धरून. ड्युटी संपली होती त्यांची! रक्त देणारी दोन पोरं तर नावही न सांगता गेली. कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी कसं बांधायचं, हे रात्रपाळीच्या ताईंनी न कंटाळता शिकवलं.

तुम्हा सगळ्यांचे आभार. पोरांनो, बारशाला या. गुहागरात, बंदराजवळच घर आहे.