दसरा काढताना कपाटही रिकामं करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पितृपक्ष लागला की मराठवाड्यात घरोघरी दसरा काढायची लगबग सुरू होते. वाकळा, चादरी, माळ्यावरचे डबे सगळं धुऊन निघतं. कपाटातलं सामान मात्र बाहेर येतं, ऊन खातं आणि जसंच्या तसं पुन्हा आत कोंबलं जातं. नको ते काढून टाकायला याच दिवसांइतकी चांगली वेळ नाही.

अख्खं कपाट एकदम उपसू नये. संध्याकाळपर्यंत पलंगावर ढीग साचतो, स्वयंपाकाची वेळ होते आणि सगळं परत आत जातं. एका दिवशी एकच कप्पा घ्यावा. वर्षभरात घातलेलं, दुरुस्तीचं, द्यायचं आणि पुसण्याच्या फडक्यांचं असे चार ढीग पुरतात. दुरुस्तीचा ढीग आठ दिवसांत शिंप्याकडे गेला नाही, तर तो द्यायच्या ढिगात टाकावा.

खरी जागा अडवतो तो आहेर. ब्लाउज पीस, टॉवेल-टोप्या, कुणी नेसणार नाही अशा साड्या 'देण्याघेण्याला होतील' म्हणून वर्षानुवर्षं पडून असतात. त्यांच्यासाठी एकच ट्रंक ठेवा आणि प्रत्येक वस्तूवर कुणाकडून आली याची चिठ्ठी लावा, म्हणजे ती त्याच घरी परत जाणार नाही. ट्रंकेचं झाकण लागेना, की त्यातलं वाटून टाका.

पैठणी हँगरला लटकवू नये; जरीच्या वजनानं रेशीम ओढलं जातं. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि जरीचे धागे काळवंडतात. धुतलेल्या मलमलमध्ये गुंडाळून आडवी ठेवावी, दर तीन महिन्यांनी घडी बदलावी, नाहीतर घडीवरच चिरते. सुती साड्या खळ काढूनच ठेवाव्यात, कारण खळीवर कसर लागते. सप्टेंबरात आपल्याकडे हमखास पाऊस असतो, म्हणून कपडा हाताला कोरडा लागला तरी शिवणी चाचपून बघाव्यात.

सगळ्यात कळकळीनं सांगायचं आहे ते डांबराच्या गोळ्यांबद्दल. पहिल्या बाळाची झबली, टोपडी, दुपटी या गोळ्या घालून जपली जातात आणि घरात पुढचं बाळ आलं की तीच काढून त्याच्या अंगावर चढतात. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे विकर (एन्झाइम) जन्मतः कमी असतं. अशा बाळाच्या तांबड्या पेशी या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनच्या वाफेनंही फुटतात आणि कावीळ जिवावर बेतू शकते. कोणत्या बाळाला हा दोष आहे, ते वरून कळत नाही. त्यामुळे बाळाच्या कपड्यांत या गोळ्या ठेवूच नयेत. पूर्वी ठेवल्या असतील तर कपडे धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात वाळवावेत. शिवाय ही गोळी पेपरमिंटसारखी दिसते, रांगतं मूल ती सरळ तोंडात घालतं. वाळवलेला कडुलिंबाचा पाला मलमलच्या पुरचुंडीत बांधून ठेवलेला बरा.

मुलांचे कपडे त्यांच्या हाताला येतील असे हवेत. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी दांडी जमिनीपासून साधारण तीन फुटांवर बसवावी. कपडे एकावर एक रचले की खालचा ओढताना सगळी चळत कोसळते. म्हणून घड्या डब्यात उभ्या लावाव्यात. खेळणी थोडीच बाहेर ठेवावीत, बाकीची पेटीत, आणि दोन-तीन आठवड्यांनी अदलाबदल करावी. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दीड ते अडीच वर्षांची ३६ मुलं होती. सोळाऐवजी चारच खेळणी समोर असताना ती एकेका खेळण्यात जास्त वेळ रमली. खेळण्यातला बटण सेल स्क्रूनं बंद नसेल, तर ते खेळणं घराबाहेर काढा. गिळलेला सेल दोन तासांत अन्ननलिका जाळू लागतो.

उंच कपाट एल पट्टीनं भिंतीला पक्कं करा. मुलं उघड्या खणांवर पाय देऊन चढतात आणि कपाट अंगावर येतं. जड सामान तळाच्या कप्प्यात ठेवा.

द्यायच्या पिशव्या माळ्यावर चढवू नका, तिथून त्या उतरत नाहीत. जुन्या सुती साड्या वाकळ शिवणाऱ्या बाईकडे द्या. नायलॉनच्या नकोत, घाम टिपत नाहीत. आखूड झालेला गणवेश धुऊन, बटणं लावून शाळेतच द्यावा. बाकीच्या पिशव्या घटस्थापनेच्या आत दाराबाहेर गेल्या पाहिजेत.

— गृहविज्ञानाची एक शिक्षिका, परभणी