पतंगाचं लायसन आणि आजीचा डबा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘अजब कायदे’ची चौकट आली होती, ती वाचून घरात सगळे हसले, मीपण हसलो, पण नंतर लक्षात आलं की व्हॉट्सॲपवर कधीपासून फिरतंय तेच उचलून छापलंय, कायद्याचं नाव नाही, साल नाही, कलम नाही. मग खरं कुठलं आणि थाप कुठली हे वाचणाऱ्याने कसं ओळखायचं?

पतंग उडवायला लायसन लागतं म्हणे, त्याचंच घ्या. 1934 च्या विमान कायद्यात विमानाची जी व्याख्या होती तिच्यात फुगे आणि ग्लायडरसोबत पतंग पण होता, हे अगदी खरं. लायसनची भानगड लोकांनी त्यावरून ताणलेली. आणि तो कायदा गेला की राव, 1 जानेवारी 2025 पासून भारतीय वायुयान अधिनियम आलाय. संक्रांतीला आमची गच्ची पोरांनी भरलेली असते, लायसन कोणी विचारत नाही (नायलॉन मांजाबद्दल विचारतात, ते बरोबरच आहे).

ब्रिटनच्या पार्लमेंटमध्ये मरायला बंदी आहे ही तर निव्वळ थाप. तिथल्या विधी आयोगाने 2013 ला असल्या गोष्टी तपासल्या, तसा कायदाच सापडला नाही. उलट सॅमन मासा संशयास्पद परिस्थितीत बाळगणं हा गुन्हा मात्र खरा निघाला, 1986 चा कायदा आहे!

खरी गंमत तुमच्याकडून सुटली ती पोस्टाची. 1898 च्या पोस्ट कायद्याने पत्रं पोचवायचा हक्क फक्त सरकारचा होता. मित्राने जाता जाता फुकट नेलं तर चालायचं, पण आमच्या गावाकडे एसटीच्या कंडक्टरच्या हातात पाकीट द्यायचे आणि वर चहाला पैसे, तो कायद्याने गुन्हा, एका पत्रामागे 50 रुपयांपर्यंत दंड. कुरिअरवाले ‘पत्र’ न लिहिता ‘डॉक्युमेंट’ लिहायचे ते त्याचसाठी. जून 2024 मध्ये नवीन कायदा आला तेव्हा कुठे हे संपलं. दारूच्या परमिटचं तर सांगायलाच नको, ते आपल्या महाराष्ट्रात आजही आहे, पिणाऱ्यांनी खिसे तपासावेत.

आणि एक तर माझ्याच घरातलं निघालं. चार वर्षांपूर्वी गावच्या घराची मागची भिंत पाडली, तर मातीत गंजलेला बिस्किटाचा डबा, आत भोकाचे पैसे आणि दोन-तीन चांदीचे रुपये, आजीनेच ठेवलेले असणार. गवंडी म्हणाला, दादा कुणाला बोलू नका, मला वाटलं उगाच घाबरवतोय. आता कायदा काढून वाचला, 1878 चा निखात निधी अधिनियम, अजून चालू आहे. जमिनीत किंवा भिंतीत लपवलेलं दहा रुपयांच्या वरचं काहीही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं, नाही कळवलं तर वर्षभरापर्यंत कैद. दहा रुपये! 1878 मध्ये ठरवले ते तेवढेच, वाढवायचं कुणाला सुचलंच नाही. दीड हजारांवर जुने कायदे सरकारने रद्द केले म्हणतात, हा कसा राहिला देव जाणे.

पुढच्या वेळी चौकट छापाल तेव्हा प्रत्येक कायद्यापुढे साल आणि कलम टाका, आणि रद्द झालाय की चालू आहे तेही. सरकारच्या इंडिया कोड वेबसाइटवर सगळं फुकटात बघायला मिळतं, मी तिथेच बघितलं. आमचा डबा माळ्यावर आहे. आतल्या चांदीचा आजचा भाव काय होतो, ते मी मुद्दाम काढलेलं नाही, आणि नावही त्याचसाठी देत नाही.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा