ग्लोव्ह्ज काढायचे कसे, हे मावशींनाही शिकवा

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

स. न. वि. वि.

वॉर्डात ३३ वर्षं स्टाफ नर्स म्हणून काम करून मी निवृत्त झाले. कोपरखैरण्यात राहते. मध्यंतरी वहिनीच्या ऑपरेशनसाठी जवळच्याच एका छोट्या नर्सिंग होममध्ये चार दिवस बसून होते. ड्रेसिंग आवरल्यावर सफाईच्या मावशींनी रक्ताचे ग्लोव्ह्ज बोटांची टोकं ओढून काढले. रबर ताणलं, सटकन सुटलं आणि थेंब त्यांच्या गळ्यावर उडाला. त्यांनी तो पदराने पुसला. मागच्या खिडकीच्या गजांवर धुतलेले चार ग्लोव्ह्ज वाळत होते. "फेकायला जीव होत नाही," म्हणाल्या. सात वर्षांत त्यांना कुणी काही दाखवलंच नव्हतं, मग दोष कसा द्यायचा?

नवी जोडी घेऊन मी तिथंच दाखवलं. एक ग्लोव्ह मनगटापाशी बाहेरून चिमटीत धरायचा, उलटा करत सोलायचा, दुसऱ्या हाताच्या मुठीत गोळा करायचा. मग उघडं बोट दुसऱ्या ग्लोव्हच्या आत, कातडीलगत सरकवायचं. बाहेरून स्पर्श नाही. तोही उलटा निघाला की पहिला त्याच्या पोटात जातो आणि रक्ताची बाजू आत राहते. ती पुरचुंडी दवाखान्यातल्या दूषित रबर-प्लास्टिकसाठी असलेल्या लाल पिशवीत टाकायची, लगेच साबणाने हात धुवायचे. तिसऱ्या खेपेला मावशींना नीट जमलं. सगळी मिळून पाच मिनिटं लागली असतील.

२०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार हे प्रशिक्षण कामावर घेताना आणि पुढे वर्षातून किमान एकदा द्यावंच लागतं. हिपॅटायटिस बी (रक्तातून पसरणारी कावीळ) आणि धनुर्वाताची लसही. मावशींना यातलं काहीच मिळालेलं नव्हतं. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर सात दिवस तग धरतो, हे मला आठवत होतं, म्हणून तो पदर बघवेना. आणि हेच ग्लोव्ह्ज लाल पिशवीऐवजी साध्या कचऱ्यात गेले, तर पुढे घंटागाडीवरचा माणूस तो कचरा हाताने निवडतो.

महोदय, नर्सिंग होमची नोंदणी नूतनीकरणाला येते, तेव्हा प्रशिक्षणाच्या रजिस्टरमधल्या सह्या पाहून तपासणी संपवू नका. अधिकाऱ्यांनी सफाईच्या मावशींना बोलवावं, ग्लोव्ह्ज घालायला द्यावेत आणि काढून दाखवायला सांगावं. त्यांचं लसीचं कार्ड मागावं. ते नसेल तर पहिला डोस दिल्याशिवाय कागदावर शिक्का मारू नये.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
कोपरखैरणे, नवी मुंबई