कुठलं स्केल वाजवू, हे विचारलंस म्हणून

प्रिय मंदार,

तुझं जॅझ गिटारचं रेकॉर्डिंग काल रात्री तीनदा ऐकलं. हात छान सुटलाय तुझा. डी मायनर सेव्हन, जी सेव्हन आणि सी मेजर सेव्हन या तीन कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांवर, अनुक्रमे डोरियन, मिक्सोलिडियन आणि आयोनियन ही स्केल्स (स्वरांचे क्रम) बरोबर वाजवूनही सोलो होत नाही, नुसता रियाझ केल्यासारखा वाटतो, असं तू लिहिलंस. खरं आहे ते. मीही दोन वर्षं तिथेच अडकलो होतो.

कारण त्या तीन स्केल्सचे स्वर तेच सात आहेत, पेटीच्या पांढऱ्या पट्ट्या. तू पेटी शिकलायस, तुला एका शब्दात कळेल: मूर्च्छना, स्वर तेच पण सा वेगळा. डीला सा मानला की काफी थाट, जीला मानला की खमाज, सीला मानला की बिलावल. पण आपल्याकडे तंबोरा सा धरून बसलेला असतो. इथे कॉर्ड दोन सेकंदांत पुढे जाते. तू मनात सा बदललास तरी ऐकणाऱ्याला तेच सात स्वर वरखाली जाताना ऐकू येतात. म्हणून कुठलं स्केल यापेक्षा कॉर्ड बदलते त्या क्षणी तू कुठल्या स्वरावर आहेस, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

गिटार घे. चौथ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला (मानेवरच्या आडव्या पट्टीला) एफ आणि तिसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला सी. हे दोनच स्वर वाजव, डी मायनर सेव्हनचे, डीपासून मोजलेले, तिसरा आणि सातवा. आता सीवरचं बोट एक फ्रेट मागे घे, सीचा बी झाला, आणि जी सेव्हन आला! मग एफवरचं बोट एक फ्रेट मागे, एफचा ई, की सी मेजर सेव्हन. बेस नाही, ड्रम नाही, तरी तिन्ही कॉर्ड ऐकू येतात. आठवडाभर फक्त एवढंच कर. जी सेव्हनच्या पहिल्या मात्रेला बी लागला पाहिजे, मग तो कुठल्या का वाटेने येईना. स्केल म्हणजे या स्वरांमधली वाट, त्यामुळे आधी मुक्काम ठरव.

हे जमलं की जी सेव्हनवर ए फ्लॅटपासूनचं मेलोडिक मायनर नावाचं स्केल वाजवून बघ (फ्लॅट म्हणजे अर्धा स्वर खाली); तेच जीपासून मोजलं की ऑल्टर्ड, म्हणजे बदललेल्या स्वरांचं, स्केल. जी, बी आणि एफ हे कॉर्डचे खांब जागेवर राहतात. बाकी ए फ्लॅट, बी फ्लॅट, डी फ्लॅट, ई फ्लॅट, चारही पांढऱ्या पट्ट्यांबाहेरचे. पण ए फ्लॅट जीवर उतरतो, ई फ्लॅट ईवर चढतो. हे ताणलेले स्वर सी मेजरमध्ये अर्ध्या स्वराने सुटतात तेव्हा मला दर वेळी अंगावर काटा येतो. मात्र ते सुटलेच पाहिजेत. जी सेव्हनवरच सोडून दिलेस तर चुकल्यासारखे वाटतील.

स्केलचा विचार मनसोक्त करायचा असेल तर ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचं १९५९ चं 'सो व्हॉट' काढ. १६ बार (चार मात्रांचा एक बार) डी डोरियन, ८ बार ई फ्लॅट डोरियन, पुन्हा ८ बार डी. तिथे रागासारखं रेंगाळता येतं. त्याच वर्षी सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनने रेकॉर्ड केलेल्या 'जायंट स्टेप्स'मध्ये मात्र बऱ्याच ठिकाणी दोन-दोन मात्रांनी कॉर्ड बदलते, आणि तिथे स्केल निवडत बसलास तर गाडी निघून जाते. त्या वाटेला एवढ्यात जाऊ नकोस.

आणि ऐक, मंदार, भरपूर ऐक. जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरी त्याच्या आधीच्या चार्ली ख्रिश्चन या गिटारवादकाचे सोलो रेकॉर्डवरून कानाने उचलून शिकला. ख्रिश्चन १९४२ मध्ये गेला, अवघ्या पंचविसाव्या वर्षी. ख्रिश्चनच्या ओळी लिहून काढताना लक्षात येईल, तो कॉर्डचे आकार धरून वाजवतो, आणि मधले अर्धस्वर पुढच्या कॉर्डकडे बोट दाखवतात. आठ बार जरी उतरवलेस तरी चालेल, पण आधी गाऊन मग वाजव. पेटीवर तुझे गुरुजी आधी गाऊनच घ्यायचे ना?

पुढचं रेकॉर्डिंग लूपरवर (वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा ऐकवणाऱ्या यंत्रावर) तेच तीन कॉर्ड टाकून पाठव. हळू टेम्पो ठेव, मिनिटाला ७० मात्रा पुरे. बी कुठे लागतो ते ऐकायला मी बसलोच आहे.

तुझा,
निखिल