पहाटे तीनच्या अलार्मसाठी आभारपत्र

आदरणीय ताई,

सादर नमस्कार वि. वि.

आपले नाव कोठेही येऊ नये ही आपली अट पाळूनच हे पत्र लिहीत आहे. ते खासगी न ठेवता उघडपणे लिहिण्याचे कारण एवढेच की, अलार्मच्या बाबतीत मी ज्या चुका केल्या त्याच चुका करणारी ॲप बनवणारी मंडळी मला अधूनमधून भेटत असतात, आणि इंदिरानगरातील आपल्या घरी आपण मला दिलेल्या तीन रविवारांचा लाभ माझ्यापुरताच राहावा हे मनाला पटत नाही.

आमचे ॲप लहानसे आहे. निफाड तालुक्यात माझ्या मामांची द्राक्षबाग आहे आणि मूळ गरज त्यांचीच होती. शेतीची थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा मिळते, काही दिवस रात्री. ऑटो स्टार्टर असल्यामुळे मोटर आपोआप सुरू होते हे खरे. परंतु वरच्या प्लॉटचा कॉक बंद करून खालच्या प्लॉटचा उघडायला माणूसच उठावा लागतो. त्यातून कडाक्याची थंडी पडली आणि कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील किमान तापमानाचा आकडा वर्तमानपत्रात झळकू लागला की, बागाईतदार मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि ठिबकने पाणी सोडतात, कारण त्या वेळी विहिरीचे पाणी हवेपेक्षा बरेच उबदार असते. अशा रात्री दोन तासांचा उशीर म्हणजे नुसता उशीर नसतो. म्हणून पाण्याच्या पाळीची वेळ एकदा भरून ठेवावी आणि त्या वेळी फोनने उठवावे, एवढेच काम मी ॲपला दिले होते.

ते काम त्याने जानेवारीतल्या नेमक्या थंडीच्या रात्री केले नाही. मामा शेतातल्या खोलीत झोपले होते, चार्जर घरी राहिला होता आणि फोन उशाशी फळीवर ठेवलेला होता. अलार्म पहाटे तीनचा होता. सव्वापाचला मामांना आपसूक जाग आली, किती वाजले हे पाहण्यासाठी त्यांनी फोन हातात घेतला, आणि हातात घेताक्षणीच अलार्म वाजू लागला. मामा मला रागावले नाहीत. त्यांनी संध्याकाळी माळ्यावरून चावीचे जुने घड्याळ काढले, त्याला चावी दिली आणि ते फोनशेजारी ठेवले. रागावले असते तर मला अधिक बरे वाटले असते.

ही हकीकत मी आपल्याला सांगितली तेव्हा मी तिचा शेवट ‘थोडक्यात, अलार्म वाजला नाही’ असा केला होता. त्यावर आपण विचारलेत, “वाजला नाही म्हणजे नक्की काय झालं नाही?” मला उत्तर देता आले नाही. तेव्हा आपण वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर प्रश्न लिहिलेत: अलार्म फोनकडे नोंदवला गेला होता का, नोंदवलेला मधल्या काळात पुसला तर गेला नाही ना, वेळ झाल्यावर फोनने ॲपला उठवले का, ॲप उठले असल्यास पडद्यावर काही दिसले का, आणि दिसले असल्यास आवाज झाला का. मी तोपर्यंत या पाचही गोष्टींना एकच समजत होतो आणि म्हणूनच चार महिने कोडमध्ये कोठेही हात घालून काहीही बदलत होतो. तो कागदाचा कपटा आजही माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. माझे खरे आभार त्या एका प्रश्नासाठी आहेत. पुढचे सारे त्याच्या पोटातून निघाले.

आपला दुसरा प्रश्न आणखी साधा होता. “वायर काढून कधी तपासलंय का?” मी तपासले नव्हते. माझ्या टेबलावरचा फोन दिवसभर लॅपटॉपला जोडलेला असे, म्हणजेच दिवसभर चार्ज होत असे. आणि २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून आलेली ‘डोझ’ नावाची निद्रावस्था चार्जिंगवरच्या फोनला लागतच नाही. फोन चार्जरवर नसेल, पडदा बंद असेल आणि बराच वेळ कोणी हलवलेला नसेल, तर तो हळूहळू गाढ झोपतो, साधे अलार्म बाजूला सारतो आणि अधूनमधून येणाऱ्या थोड्याशा मोकळ्या वेळेत एकदम उरकतो. ती मोकळी वेळही रात्र चढत जाईल तशी लांब लांब अंतराने येते. फळीवरचा मामांचा फोन या वर्णनात तंतोतंत बसत होता. उचलताच तो जागा झाला आणि तुंबलेला अलार्म बाहेर पडला. रात्रीची वाट न पाहता ‘डंपसिस बॅटरी अनप्लग’ आणि ‘डंपसिस डिव्हाइसआयडल फोर्स-आयडल’ या दोन आज्ञांनी फोनला बळेच झोपवता येते, हे आपण दाखवलेत तेव्हा माझा फोन भर दुपारी, माझ्या डोळ्यांदेखत, अलार्म चुकवून शांत पडून राहिला. चूक हुकमी घडवून आणता आल्याचा तो आनंद मी विसरणार नाही, आणि बशीतले पोहे गार झाल्याबद्दल आपल्या आईंनी दिलेली समजही.

माझा कोड मुळात एका जुन्या नमुन्यावरून उचललेला होता. अलार्म लावण्याची जी साधी रीत त्यात होती ती एके काळी अचूक वेळ पाळत असे. २०१३ च्या अँड्रॉइड ४.४ पासून ती अदमासे वेळ पाळू लागली, कारण बॅटरी वाचवण्यासाठी फोन जवळपासचे अलार्म एकत्र बांधू लागला. हे कळल्यावर मी उत्साहाने सगळ्या आठवणी ‘सेट-एक्झॅक्ट-अँड-अलाऊ-व्हाइल-आयडल’ या रीतीवर हलवायला निघालो होतो. आपण मला थांबवलेत. ही रीत झोपेतही चालते, परंतु गाढ झोपेत एका ॲपला साधारण नऊ मिनिटांतून एकदाच वाजू देते, हे मी वाचले नव्हते; आणि आमच्याकडे तर पाच मिनिटांनी पुन्हा हाक मारण्याची सोय होती. माणसाने स्वतः लावलेल्या, माणसाला उठवण्यासाठीच असलेल्या गजरासाठी ‘सेट-अलार्म-क्लॉक’ ही वेगळी रीत २०१४ च्या अँड्रॉइड ५ पासून आहे, तिच्यासाठी फोन वेळेच्या थोडे आधी झोपेतून बाहेर येतो आणि पडद्याच्या वरच्या पट्टीत घड्याळाचे छोटे चित्रही दाखवतो. त्या चित्राचा उपयोग मला तांत्रिक वाटला होता. मामांना तो वेगळाच वाटला. आता ते झोपण्यापूर्वी चष्मा लावून वरची पट्टी बघतात आणि ‘घड्याळ आलंय’ म्हणून दिवा मालवतात.

फवारणीच्या आठवणीही याच रीतीने लावाव्यात असे मी म्हणालो, तेव्हाचे आपले उत्तर मला त्या दिवशी थोडे कडक वाटले होते. “फवारणी सातला आठवली काय आणि सव्वासातला आठवली काय? त्यासाठी लोकांची बॅटरी कशाला जाळता?” आता पटते. आज आमच्या ॲपमध्ये अचूक वेळ फक्त पाण्याच्या पाळीला मिळते.

दोन प्लॉटांचे प्रकरण तर आपण कोड न बघताच पकडलेत. मामांनी वरच्या आणि खालच्या प्लॉटसाठी वेगवेगळ्या वेळा भरल्या होत्या, आणि फोनमधली अलार्मची यादी काढून पाहता तिच्यात एकच नोंद होती. दोन्ही अलार्मना मी एकच रिक्वेस्ट कोड, म्हणजे ओळखीचा क्रमांक, दिला होता आणि प्लॉटचे नाव तेवढे आतल्या जोडमाहितीत बदलले होते. पेंडिंग इंटेंटची, म्हणजे वेळ झाल्यावर काय करायचे हे सांगून फोनकडे ठेवलेल्या चिठ्ठीची, ओळख पटवताना अँड्रॉइड ती जोडमाहिती विचारात घेत नाही, त्यामुळे दुसरा अलार्म लावताच पहिला मुकाट्याने पुसला जात होता. एकाच नावाच्या दोन भावांना पोस्टमनने एकच माणूस समजावे, तसे.

फोन बंद पडून पुन्हा सुरू झाला की सगळे अलार्म नाहीसे होतात, हे मला ऐकून माहीत होते आणि ‘बूट कम्प्लीटेड’ हा फोन सुरू झाल्याचा संदेश आला की ते पुन्हा लावण्याची व्यवस्था मी केलीही होती. मात्र पिन घातलेल्या फोनवर हा संदेश मालकाने पहिल्यांदा कुलूप उघडल्यानंतरच येतो. रात्री बॅटरी संपली, फोन चार्जरला लावून सुरू केला आणि पिन न टाकताच माणूस झोपला, तर सकाळपर्यंत ॲपला काहीच कळत नाही. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून कुलूप उघडण्यापूर्वीच मिळणारा वेगळा संदेश आहे आणि त्या अवस्थेतही वाचता येईल अशी वेगळी साठवणूक आहे; पाळ्यांच्या वेळा आम्ही आता तिच्यातच ठेवतो. हे काम अर्ध्या दिवसाचे होते. ते करायचे आहे हे समजायला मात्र आपणच भेटावे लागले.

एकदाच आपण माझ्यावर खरोखर नाराज झालात, आणि तेही सांगितलेच पाहिजे. मामांच्या फोनवर सुरळीत चालणारे ॲप मामेभावाच्या नव्याकोऱ्या फोनवर अलार्म लावतच नव्हते. २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून अचूक अलार्मसाठी स्वतंत्र परवानगी लागते, आणि २०२३ च्या अँड्रॉइड १४ वर नव्याने घेतलेल्या बहुतेक ॲपना ती आपोआप मिळत नाही, वापरणाऱ्याने सेटिंग्जमध्ये जाऊन द्यावी लागते. हा झाला नियमाचा भाग, आणि तो न वाचणे ही चूकच होती. पण परवानगी नसताना अलार्म लावू पाहिला की अँड्रॉइड स्पष्ट त्रुटी फेकते. ती त्रुटी मी कोडमध्ये पकडून गप्प बसवली होती, ॲप बंद पडलेले दिसू नये म्हणून. आणि पडद्यावर मात्र हिरव्या अक्षरांत ‘अलार्म लावला आहे’ असे उमटत होते. आपण लॅपटॉप माझ्याकडे सरकवलात आणि म्हणालात, “बंद पडलेलं ॲप परवडलं. हे खोटं बोलतंय, आणि माणूस त्याच्या भरवशावर झोपतोय.”

त्या वाक्यानंतर ॲपचे स्वरूपच बदलले. अलार्म लावण्याआधी आता परवानगी तपासली जाते. ती नसेल तर ‘या फोनवर पहाटेची खात्री नाही’ असे मोठ्या अक्षरांत लिहून थेट त्या सेटिंगपर्यंत नेणारे बटण दाखवले जाते. २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनचीही परवानगी मागावी लागते, तीही तेथेच तपासतो. काही फोनांमध्ये कंपनीचा स्वतःचा बॅटरी राखणारा बंदोबस्त असतो आणि चालू ॲपच्या यादीतून आमचे ॲप बोटाने सरकवून टाकले की अलार्मही जातात. त्यावर कोडमध्ये पुरता इलाज नाही, म्हणून पहिल्याच दिवशी दोन मिनिटांवरचा चाचणी-अलार्म लावून, फोनचा पडदा बंद करून, खाली ठेवून बघायला आम्ही सांगतो. आवाजही नोटिफिकेशनच्या मार्गावरून काढून अलार्मच्या मार्गावर नेला, कारण भाऊबंदांच्या ग्रुपवरच्या सुप्रभातांना कंटाळून मामांनी नोटिफिकेशनचा आवाज केव्हाच शून्यावर नेऊन ठेवलेला होता.

आणि आपण सुचवलेली नोंदवही. प्रत्येक अलार्मसमोर आता चार वेळा लिहिल्या जातात: कितीला लावला होता, ॲप कितीला उठले, पडद्यावर कितीला दिसला आणि माणसाने कितीला बंद केला. कोणी ‘वाजला नाही’ म्हणून फोन केला की मी आता वाद घालत नाही, अंदाजही करत नाही. तेवढे पान मागवतो. मागच्या महिन्यात एका बागाईतदारांच्या पानावर पहिल्या तीन वेळा बरोबर होत्या आणि चौथी चाळीस मिनिटांनंतरची होती. त्यांना ती वाचून दाखवली, तेव्हा पलीकडून आधी त्यांच्या पत्नीचे हसणे ऐकू आले.

आपण या साऱ्याचे मानधन घेतले नाही, ॲपच्या माहितीपानावर नाव घालू दिले नाही, आणि शेवटच्या रविवारी निघताना फक्त एवढेच विचारलेत की मामा आता ते चावीचे घड्याळ काढतील का. मी त्या वेळी ‘हो’ म्हणालो होतो. वस्तुस्थिती अशी की त्यांनी ते काढलेले नाही. या हिवाळ्यात त्यांच्या नोंदवहीत एकही पाळी मिनिटभरानेसुद्धा चुकलेली नाही, तरी रोज रात्री फोनच्या पट्टीवरचे चित्र पाहून झाले की ते घड्याळालाही चावी देतात. फक्त त्याचा गजर आता तीनऐवजी तीन वाजून दहा मिनिटांवर लावलेला असतो, आणि तो वाजायच्या आत ते कॉकपाशी पोहोचलेले असतात.

बागेची तोडणी फेब्रुवारीच्या अखेरीस धरली आहे. पहिली पेटी आपल्या घरी पोहोचवण्याचे मामांनी माझ्याकडून कबूल करून घेतले आहे. आईंना सोबत घेऊन आपणच बागेत यावे असे मामींचे म्हणणे आहे. दिवस कळवावा, म्हणजे न्यायला मी स्वतः येईन.

आपला कृतज्ञ,
निफाडच्या मामांचा भाचा
नाशिक