रजेच्या अर्जावर सही करण्यापूर्वी

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

आता तुझ्या हाताखाली नऊ माणसे आहेत आणि त्यांच्या रजा मंजूर करण्याचे कामही तुझ्याकडे आले आहे, असे तू काल फोनवर म्हणालीस. ‘सगळ्यांना हवी तशी मोकळीक दिली तर काम कसे व्हायचे?’ या तुझ्या प्रश्नाला मला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही, म्हणून लिहिते आहे.

तू पहिलीत होतीस तेव्हा तुला शाळेत सोडून कार्यालयात पोहोचायला मला वीस मिनिटे उशीर होत असे. तीन लेटमार्क झाले की अर्ध्या दिवसाची रजा कापली जाई. संध्याकाळी तासभर जास्त थांबून मी सारे काम संपवत असे, पण त्या तासाची नोंद हजेरीपटात होत नसे. वर्षअखेरीस तू तापाने फणफणलीस तेव्हा माझ्या नावावर एकही रजा शिल्लक नव्हती आणि चार दिवस बिनपगारी राहावे लागले. पगार गेल्याचे दुःख मी विसरले. साहेबांनी सर्वांसमोर ‘घरी दुसरे कोणी नाही का?’ असे विचारले, ते मात्र अजून विसरता आलेले नाही.

त्या वीस मिनिटांवरचा उपाय जगाला तेव्हाही ठाऊक होता. १९६७ साली जर्मनीतील एका विमाननिर्मिती कंपनीने कामाच्या वेळा लवचिक केल्या होत्या. अशा पद्धतीत दिवसाच्या मधले ठरावीक तास सर्वांनी हजर राहायचे, येण्याजाण्याची वेळ ज्याने त्याने निवडायची आणि एकूण तास मात्र पूर्ण भरायचे. तुझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर यातच आहे. मोकळीक द्यायची ती वेळेची. कोणते काम कधीपर्यंत व्हायला हवे, हे आधी स्पष्ट ठरलेले असले की कोण किती वाजता आले हे मोजत बसण्याची गरज उरत नाही. ज्यांचे काम जागेवर हजर राहूनच होते त्यांना ही सोय देता येत नाही, हे मला मान्य आहे. पण पाळ्यांचे वेळापत्रक पुरेसे आधी हातात देणे आणि आपसात पाळी बदलू देणे तरी तुझ्या हातात आहे.

या मोकळिकीला कडा मात्र हवी. सकाळी उशिरा येण्याची सवलत घेतलेल्या माणसाने रात्री अकरालाही संदेशाला उत्तर द्यावे, अशी अपेक्षा हळूच रुजते आणि लवचिक वेळेचे रूपांतर अखंड कामात होते. आठवड्याला पंचावन्न किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका पस्तीस ते चाळीस तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो, असे जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली मांडले आहे. तेव्हा रात्री सुचलेली गोष्ट लिहून ठेव आणि सकाळी पाठव.

आता भरपगारी रजेविषयी. ती उपकार म्हणून दिली जात नाही. तो वेतनाचाच भाग आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९३६ सालच्या करारात वर्षभराच्या सेवेनंतर किमान सहा दिवसांची पगारी रजा होती, १९७० च्या करारात ती तीन आठवड्यांची झाली. त्याच करारातील एक तरतूद मला फार महत्त्वाची वाटते: पैशांच्या किंवा अन्य कशाच्या मोबदल्यात ही किमान रजा सोडून देण्याचा समझोता रद्दबातल ठरतो. विश्रांती विकता येऊ नये, इतका गंभीर विचार त्यामागे आहे. म्हणून आजारपणाची रजा वेगळी धर, वार्षिक रजेतून ती कापू नकोस, आणि वार्षिक रजेसाठी कोणालाही कारण विचारू नकोस. तारखा विचार, त्या काळात काम कोण पाहील ते विचार, तेवढे पुरे आहे. एकाच आठवड्यासाठी दोन अर्ज आले तर दोघांना समोरासमोर बसवून ठरव. मागच्या वेळी कोणी माघार घेतली होती, हे लक्षात ठेव.

आणखी एक. गेल्या वर्षीची तुझी स्वतःची बारा दिवसांची रजा वाया गेली, हे तू अगदी सहज सांगून गेलीस. तू रजा घेत नाहीस हे त्या नऊ जणांनाही दिसते, आणि मग अर्ज करताना त्यांचा हात अडखळतो. या महिन्यात तुझ्या तारखा ठरव, सर्वांना दिसेल अशा ठिकाणी लिही आणि मलाही कळव.

तुझी,
आई