दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतरचा आठवडा

संपादक महोदय,

पित्ताशयात खडे झाल्यास पित्ताशयच काढून टाकण्याची दुर्बिणीची शस्त्रक्रिया कोल्हापुरात आता इतकी नेहमीची झाली आहे की, 'तीन-चार छिद्रे आणि दुसऱ्या दिवशी घरी' यापलीकडे तिच्याविषयी फारसे कोणी विचारत नाही. ही शस्त्रक्रिया सुरक्षित आहे, याबद्दल दुमत नाही; पोट उघडून करण्यापेक्षा तिच्यात वेदना कमी आणि माणूस लवकर कामाला लागतो. माझी तक्रार आहे ती घरी पाठवल्यानंतरच्या आठवड्याबद्दल.

गेल्या वर्षी माझ्या वहिनींची ही शस्त्रक्रिया शहरातील एका खासगी रुग्णालयात झाली आणि दुसऱ्या दिवशी त्या गडहिंग्लज तालुक्यातील गावी परतल्या. शस्त्रक्रियेवेळी पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात, त्यामुळे एक-दोन दिवस खांदा दुखू शकतो, असे त्यांना सांगितले होते आणि ते खरेही आहे. घोटाळा झाला तो त्यातूनच. चौथ्या दिवशी पोट फुगले, ताप आला, तरी 'तो भरलेला गॅसच असणार' म्हणून घरातले ओवा देत बसले. सहाव्या दिवशी डोळे पिवळे दिसले, तेव्हा शहर गाठले. पित्ताशयाच्या नळीच्या बंद केलेल्या टोकातून पित्त पोटात झिरपत होते. ते नळी घालून बाहेर काढले, एंडोस्कोपीने, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून, पित्तनलिकेत स्टेंट (मार्ग मोकळा ठेवणारी बारीक नळी) बसवला आणि वहिनी बऱ्या झाल्या.

याहून गंभीर म्हणजे यकृतातून आतड्याकडे पित्त नेणाऱ्या मुख्य पित्तनलिकेलाच इजा होणे. हे क्वचित, हजारात साधारण तीन ते पाच रुग्णांत घडते. सुजेने सगळे एकमेकांना चिकटले असेल, तर मुख्य नलिका पित्ताशयाचीच नळी वाटू शकते. म्हणूनच अमेरिकी शल्यचिकित्सक स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये मांडलेली खबरदारी आज जगभर मानली जाते : पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सोडवून, त्यात शिरणाऱ्या नळी आणि धमनी या दोनच रचना स्पष्ट दिसल्याशिवाय काहीही कापू नये. तसे दिसत नसेल, तर पोट उघडावे किंवा पित्ताशयाचा काही भाग मागे ठेवून थांबावे. अशा वेळी 'दुर्बिणीचे पैसे घेतले आणि पोट फाडले' म्हणून भांडणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. खरे तर त्या डॉक्टरांचे आभार मानायला हवेत. अर्थात, ही शक्यता संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी समजावून सांगितली, तर भांडणाची वेळच येणार नाही.

वहिनींच्या डिस्चार्ज कार्डावर टाके काढण्याची तारीख आणि तेलकट खाऊ नये एवढेच होते, तेही इंग्रजीत. वाढत जाणारी पोटदुखी, ताप, पोट फुगणे, सतत उलट्या, कावीळ किंवा गडद लघवी यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी यावे, हे मराठीत ठळक छापायला आणि खाली रात्रीही उचलला जाईल असा फोन क्रमांक द्यायला रुग्णालयांना कितीसा खर्च येणार? चंदगड किंवा गगनबावड्याच्या रुग्णाला रात्री शहरात यायचे तर आधी गाडी शोधावी लागते; निघावे की सकाळपर्यंत थांबावे, हे त्या घराने त्या कार्डावरूनच ठरवायचे असते.

– एक निवृत्त शिक्षक, राजारामपुरी, कोल्हापूर